खिळ्यांची चिंच

गोडदेवच्या वळणावर चिंचेचं एक जुनं झाड होतं आणि त्याच्या चिंचा कुणी खात नसे. आम्ही तिकडे राहायला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. उन्हाळ्यात झाडाखाली पिकल्या चिंचांचा सडा पडायचा. त्यावरून सायकली, हातगाड्या, पाण्याचे टँकर जायचे, टरफलं चिरडून रस्त्यावर काळपट चिकट थर बसायचा, पण वाकून कुणी एक चिंच उचलेल तर शपथ. शाळेतली पोरंसुद्धा दगड मारायची नाहीत. आई म्हणाली, "ज्या चिंचेला पोरं दगड मारत नाहीत तिच्यात काहीतरी असतं." मी नुकतीच बी.ए. झाले होते. मी म्हटलं, "लाकूड असतं."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वडील गोदीत कामाला होते. परळच्या चाळीतली एक खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला स्वतःच्या ब्लॉकमध्ये आलो. बिल्डिंग गोडदेव गावाला लागून, भातखाचरात भराव टाकून उभी केलेली. प्लॅस्टर अजून ओलं, नळाला पाणी नाही, पण दारावर आमच्या आडनावाची पाटी होती. आत हॉलच्या भिंतीवर वडिलांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी. हे मी कुणालाही सांगते, आणि का सांगू नये. आजोबा अंगठा उठवायचे. वडिलांना सही यायची, पण कुठल्या कागदावर करतोय ते दुसऱ्याला विचारून. मी सरकारी कचेरीत चिकटले आणि मला अर्ज लिहिता येऊ लागला. असा अर्ज, की वाचणाऱ्याला तो बाजूला सारता येत नाही. सगळ्या बिल्डिंगचे अर्ज मीच लिहायची, पाण्याचे, रस्त्याचे, गटाराचे.

चिंच आमच्या गॅलरीतून तिरकी दिसायची. एका संध्याकाळी कचेरीतून येताना मी मुद्दाम तिच्याजवळ गेले, तेव्हा खोडातले खिळे दिसले. सुताराचे नव्हेत. लोहाराने घडवलेले, बोटाएवढे जाड, चौकोनी डोक्याचे, गंजून सालीच्याच रंगाचे झालेले. काहींच्या भोवती साल ओठासारखी पुढे आली होती. मी एकावर बोट ठेवलं तर समोरचा पानवाला दुकानातूनच म्हणाला, "दीदी, हाथ मत लगाओ. हर कील में कोई बंद है."

"किसने बंद किया?"

"गाँववालों ने. हम तो बाहर के हैं, हम क्यों पूछें."

त्या वेळी चिंचेची पानं मिटायला लागली होती. चिंचेची पानं दिवस मावळला की मिटतात, सगळ्याच चिंचांची मिटतात, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी वाटलं की मी निघावं म्हणून मिटताहेत.

झाडाखाली कुणी थांबत नसे. रिक्षावाले वळणावर गाडी हळू करायचे नाहीत, उलट जरा रेटायचे. फक्त एक म्हातारी कोळीण तिथे बसायची. गावातलीच. रेल्वे फाटकाजवळ मासळी विकून दिवेलागणीच्या सुमाराला यायची, पाटी उलटी घालायची आणि मुळीवर बसून राहायची. तोंडाने काहीतरी पुटपुटायची. आधी मला वाटलं हिशोब करतेय. मग एकदा तिच्या पाटीत थोडे बोंबील उरले होते ते मी घेतले आणि विचारलं, "मावशी, इथे सगळे घाबरतात. तुम्ही कशा बसता?"

"घाबरनारे घाबरतीन," ती म्हणाली. "माझी पोर हाय ती. मना कसली भीती?"

मावशीची मुलगी पोटुशी होती. पहिलंच बाळंतपण. मूल अडलं आणि दोघंही गेली. मावशीने हे सगळं बोंबील कागदात बांधता बांधता सांगितलं, जणू मासळी कुठून आली ते सांगतेय. गावात समज असा की बाळंतपणात गेलेली बाई घराकडे परत येते, लेकराला शोधत. मग भगताला बोलवायचं आणि त्याच्याकडून तिला झाडाला खिळवून घ्यायचं. एक खिळा, एक बाई. तिथे मग ती राहते, गावात फिरत नाही.

"भगत बोलला, दिवा आईनं धराचा," मावशी म्हणाली. "आईच्या हातात दिवा दिसला का ती येते. मी धरला. ती आली असंल, म्हनून तं त्यानं ठोकला."

मला तेव्हाही भुतं मान्य नव्हती, आजही नाहीत. पण बोंबील घेऊन घरी आले तेव्हा मला जेवण गेलं नाही. आपल्या आईच्या हातातला दिवा बघून कुणी पुढे येतंय, असं सारखं डोळ्यासमोर यायचं.

पुढच्या काही वर्षांत मावशी माझ्या ओळखीची झाली. मी तिच्याजवळ उभी राहायची, बसायची नाही. ती मुलीशी बोलायची ते ऐकायची. पापलेटचा भाव, कुणाच्या घरी लग्न ठरलं, कुणाची होडी किनाऱ्याला लावून ठेवली ती लावूनच ठेवली. मध्येच मला म्हणायची, "तिला सांगते का साडीवाली बाय आली हाय, कचेरीतली." मी मान हलवायची. नमस्कार वगैरे काही नाही. पण मान हलवायची.

आसपास सगळं बदलत होतं. मिठागरांकडून भरावाचे डंपर यायचे, खाचरं गेली, विहिरी बुजल्या. बिल्डिंगा इतक्या जवळ जवळ उठल्या की एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत विरजण मागता येई. मोठी झाडं उरली ती रस्त्याकडेला. करंज, उंबर, शिरीष, आणि ही चिंच. त्या झाडांवर बोर्ड यायला लागले. टायपिंगचे क्लास, पेस्ट कंट्रोल, मुळव्याध, वन रूम किचन. सगळे खिळ्यांनी ठोकलेले. मी रविवारी सकाळी वडिलांची पक्कड घेऊन जायची आणि बोर्ड काढायची. काढलेला बोर्ड ज्याचा त्याच्या दुकानात नेऊन द्यायची, फेकायची नाही. क्लासवाले एक सर होते, ते दर वेळी हसून बोर्ड घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात परत ठोकायचे. "मॅडम, तुमचा व्यायाम होतो, आमची जाहिरात होते."

चिंचेवर मात्र कुणी बोर्ड ठोकला नाही. एवढ्या वर्षांत एकही नाही.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. गावातली बैठी घरं पाडून चार मजली बिल्डिंगा होत होत्या, त्यांना रस्ता हवा, गटार हवं. झाडांवर चुन्याच्या फुल्या आल्या. मी अर्ज लिहिला. झाडं तोडायची तर कारण द्यावं लागतं, कायदा आहे, ते सगळं लिहिलं. सह्यांसाठी सोसायटीची मीटिंग बोलावली. सेक्रेटरी गुजराती होते, कापडाचं दुकान असलेले, माणूस भला.

"बेन, झाड बचाव एकदम चांगली वात आहे," ते म्हणाले. "उंबर बचाव, करंज बचाव, मी सही देतो. पण हे वालं? हे जाऊ द्या ने. ब्लॉक बघायला पार्टी येते तर पहिला तेच विचारते, ते भूतवालं झाड कुठे आहे."

"भूत नाही त्यात," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. पार्टीला कोण सांगणार?"

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भूत नसेल तर तू एकदा त्याच्या चिंचेची आमटी करून दाखव."

सगळे हसले. मीही हसले. आमटी काही मी केली नाही.

सह्या मिळाल्या त्या बाकीच्या झाडांसाठी. चिंचेच्या अर्जावर सह्या थोड्याच. मी तो घेऊन नगरपालिकेच्या साहेबांना भेटले. त्यांनी अर्ज नीट वाचला, स्वतः येऊन झाडाभोवती फिरले. म्हणाले, "झाड निरोगी आहे. रस्ता थोडा वळवता येईल, अशक्य नाही. पण गावच म्हणत असेल की झाड नको, तर मी तुमच्या एकटीच्या अर्जावर कसा वळवू? गावाचं म्हणणं आणा."

गावाचं म्हणणं सरळ होतं. झाड गेलं तर बरंच, पण खिळे असताना कुऱ्हाड लावायची नाही. ठेकेदाराच्या मजुरांचंही तेच. ते परगावचे, तरी पानवाल्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. करंज त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत आडवा केला, उंबर दुसऱ्या दिवशी, त्यासाठीचा माझा अर्ज पोचूनही. चिंचेपाशी आले आणि दोर गुंडाळून बसले.

त्यांचा मुकादम जालन्याकडचा होता. उन्हाने रापलेला, गळ्यात टॉवेल. मला बघून उठून उभा राहायचा. "मॅडम, मला झाडाशी वैर नाही. मला गटार सरळ न्यायचंय. तुम्ही लिहा, आम्ही तोडतो, ज्याचं त्याचं काम." त्यानेच वाट काढली. काशीगावकडून एक भगत आणला. भगत म्हणाला, खिळे उपटून खाडीत सोडता येतील. मात्र ज्याच्या घरची बाई त्याने स्वतः यायचं, तिला जायला सांगायचं. घरचं कुणी आलं नाही तर तो खिळा हलणार नाही, आणि एक खिळा जरी राहिला तरी झाडाला हात लावायचा नाही.

सगळ्या घरचे लोक तयार झाले. उलट त्यांना हायसं वाटलं. इतकी वर्षं वळणावरून जाताना मान खाली घालून जावं लागायचं, ते संपणार होतं. मला वाटलं, एक तरी म्हणेल नाही. आणि ते कोण म्हणेल हे मला ठाऊक होतं. मी संध्याकाळी मावशीकडे गेले.

"मावशी, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलंत तर झाड राहतं."

ती बराच वेळ पाटीच्या काठावरचे खवले नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "मी हो बोलून आले."

"का?"

"माझे गुडघे बघ. उद्या मी गेले का हिच्याजवल कोन बसंल? तू बसशील? तू उभी राहतेस." हे तिने रागाने म्हटलं नाही. "तुना झाड पायजे. मना पोर मोकली पायजे. तू तुझा अर्ज लिव, पोरी. मी माझा करते."

मी अर्जात सावली लिहिली होती, मुळांनी धरलेली माती लिहिली होती, पक्षी लिहिले होते. मावशीच्या पोरीबद्दल काय लिहिणार?

तो दिवस अमावास्येचा होता. टळटळीत दुपार. मी कचेरीत रजा टाकून गेले. रस्त्याच्या पलीकडे दुकानांच्या पडवीत माणसं उभी, मजूर आपल्या कुऱ्हाडी घेऊन बसलेले, मुकादम बिडी ओढतोय. भगत किरकोळ माणूस होता, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याच्या हातात सुताराचा जंबूर. एकेका घरचे लोक पुढे यायचे. नारळ ठेवायचे, म्हणायचे, "जा आता, तुझं इथं काय न्हाय राहिलं." भगत जंबूर लावायचा आणि खिळा ओढायचा. ओल्या लाकडातून इतक्या वर्षांचं लोखंड निघताना जो आवाज होतो तो मी त्याआधी ऐकला नव्हता. खिळा ओरडायचा. दुसरा शब्द नाही. दर वेळी पडवीतल्या बायका पदर तोंडावर घ्यायच्या, आणि खिळ्याच्या जागी काळं भोक उरायचं, त्यातून पाण्यासारखं काहीतरी गळायचं. थोड्या वेळात खोडभर तसली भोकं झाली. मी शिकलेली बाई, पण मला तिकडे सलग बघवेना. ती भोकं आमच्याकडे बघत होती.

शेवटी मावशी आली. तिच्या हातात दिवा होता. भगताने सांगितलं नव्हतं, तिने आपणहून आणला होता. उन्हात ज्योत दिसतच नव्हती, नुसती हवा थरथरताना दिसत होती. भगताने विचारलं, "तुजा कंचा?"

मावशीचा खिळा सापडेना.

सगळे शोधायला लागले. खिळा ठोकला तेव्हा हजर असलेली एक म्हातारी होती, ती शपथेवर सांगायला लागली की खिळा याच अंगाला, रस्त्याकडे ठोकलेला. त्या अंगाला काही नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "वर गेला असंल. झाड वाढलं तं खिला बी वर जानार." सगळ्यांना ते पटलं. शिडी आणली. एकजण वर चढून फांद्या हुडकू लागला. खाली सगळ्या माना वर. भगतही वर बघत होता, मुकादमही.

मी गप्प राहिले असते तर खिळा मिळाला नसता. ते मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. पण समोर दहा माणसं चुकीच्या जागी शोधताहेत आणि आपल्याला बरोबर जागा माहीत आहे, हे मला सोसत नाही. शाळेत असल्यापासून नाही.

"खिळा वर जात नाही," मी म्हटलं. "झाड शेंड्याकडे वाढतं. खाली खोड नुसतं जाड होतं. जिथे ठोकला तेवढ्याच उंचीवर असेल. फक्त आत गेला असेल, सालीखाली."

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. त्याचं काम मी करून दिलं होतं. "ऐका मॅडमचं," तो म्हणाला. "शिकलेल्या आहेत."

रात्री वडील मला म्हणाले की तू स्वतःच्याच केसमध्ये समोरच्यांची साक्षीदार झालीस. मी म्हटलं, जे खरं ते खरं.

मावशीने दिवा मुळीवर ठेवला. दोन्ही तळवे खोडावर टेकले आणि आपल्या कपाळाच्या उंचीपासून खाली फिरवत आणले. डोळे मिटून. पोटुशीचं पोट चाचपावं तसे. मग एका जागी थांबली. मी जवळ गेले. तिथे साल चारी बाजूंनी आत ओढली गेली होती आणि मध्ये मिटली होती. बेंबीसारखी.

"हे कोनी मिटवलं?"

"झाडाने. जखम झाली की साल कडेनं पुढे येत राहते, वर्षानुवर्षं, आणि बंद करते."

"म्हंजे ती आत हाय."

"खिळा आत आहे," मी म्हटलं.

"तेच बोलते मी."

मुकादमाने पटाशी आणि हातोडी भगताकडे दिली. भगताने पहिला घाव घातला. सालीची एक ढलपी उडाली, आतलं लाकूड उघडं पडलं, ओलसर, तांबूस. दुसऱ्या घावाला त्याने हात उचलला आणि मावशीने आपला तळवा तिथे ठेवला. पटाशीच्या टोकाखाली.

"ऱ्हाऊ दे."

"हात काढ, आये. लागंल."

"ऱ्हाऊ दे बोलते ना." ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "एवढी वर्सं मना वाटत व्हतं, ती भाएर लटकून हाय. उन्हात, पान्यात. म्हनून तं मी येऊन बसते. झाडानं तिला पोटात घेतली अन् मना म्हाईत न्हाय. आता पोटातून कोन काढनार? पोटातून काढाया गेलो तवाच तं गेली ती."

भगताने पटाशी खाली ठेवली. मला वाटतं, तोही घाबरला. म्हणाला, "मंग ह्या झाडाला हात न्हाय लावाचा. पोटुशी हाय." आणि नारळ गोळा करायला लागला. त्याच्या तोंडून ते निघालं मात्र, मजूर उठले. दोर, कुऱ्हाडी, करवत, सगळं टेम्पोत. मुकादम म्हणाला, "अरे थांबा, अरे काय लावलंय," पण बिडी विझवून तोही त्यांच्या मागे गेला. दिवा मुळीवर तसाच होता. मावशीने तो विझवला नाही, तेल संपेपर्यंत बसून राहिली.

मी घरी येऊन अर्ज नव्याने लिहिला आणि दुसऱ्या दिवशी गावात फिरून अंगठे आणि सह्या घेतल्या. ज्या घरांनी आदल्या दिवशी खिळे काढून घेतले त्यांनीच दिल्या. त्यात मी लिहिलं, "ग्रामस्थांच्या भावना लक्षात घेता." हे वाक्य मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "भावना म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे मजूर मिळणार नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

रस्ता वळला. गटार चिंचेला वळसा घालून गेलं. खोडाला चिकटून काँक्रीट ओतायला आले तेव्हा मी आणि वडील समोर उभे राहिलो आणि भोवती मातीचं आळं मोकळं सोडायला लावलं. बाकी झाडं गेली. करंज, उंबर, शिरीष. वळणावर ती एकटी राहिली, खोडभर भोकं घेऊन. रस्त्यावर नवे पिवळे दिवे लागले तेव्हा तिची सावली आमच्या हॉलमध्ये यायला लागली. संध्याकाळी दिवा लागला की भिंतीवर, देवांवर, माझ्या प्रमाणपत्रावर बारीक पानांची सावली हलायची. बाहेर वारा नसायचा तेव्हाही मला ती हललेली दिसायची. मी दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा गेले नाही.

लोक म्हणायचे, बाकीच्या गेल्या, आता एकटीच आहे. पूर्वीपेक्षा जास्त घाबरायचे.

मावशी येत राहिली, पण आता मुळीवर बसून रस्त्याकडे तोंड करायची नाही. खोडाला पाठ टेकून बसायची. बोलणंही कमी झालं. मी विचारलं तर म्हणाली, "आत हाय तं ऐकू जातं. ओरडाया कशाला पायजे?"

मग एका वर्षी तिला चालवेना. मी तिच्या घरी गेले. अंधारी खोली, नव्या बिल्डिंगच्या मागे दबलेली. तिने उशीखालून एक फडकं काढलं. त्यात लांब खिळा होता, होडीच्या फळ्यांना मारतात तसला. तिच्या नवऱ्याच्या होडीतला.

"मी गेले का हा ठोक. तिच्या बाजूला."

"मावशी, हे तर भगताचं काम."

"भगत न्हाय ठोकनार. मी खाटेवर मरनार, म्हातारी होऊन. असल्यांना कोन खिलवतं? असल्यांना सोडून देतात." ती दम घेत होती. "गावातला कोनी ठोकनार न्हाय, समदे भितात. तू भीत न्हाय. तू बोलतेस ना, काय नसतं म्हनून?"

"नसतंच."

"मंग तुना ठोकाया काय?"

मी खिळा घेतला. आईने तो घरात ठेवू दिला नाही. गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे ठेवायला लावला आणि पुढे कधी विषय काढला नाही.

मावशी त्या पावसाळ्याच्या शेवटी गेली. गावाने तिला रीतीप्रमाणे पोचवलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी वडिलांची हातोडी आणि तो खिळा घेऊन चिंचेपाशी गेले. भर सकाळी, सगळ्यांसमोर. मला लपवायचं नव्हतं. एका खिळ्याने झाड मरत नाही, हे मी जाणून होते. मिटलेल्या खुणेच्या शेजारी जाड सालीची जागा बघितली आणि टोक टेकवलं.

मागून क्लासवाले सर येत होते, हातात दुधाच्या पिशव्या. थांबले. "मॅडम? आता तुम्हीच? कशाचा बोर्ड लावताय?"

"बोर्ड नाही."

त्यांनी खिळ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि काहीतरी विनोद करायला उघडलेलं तोंड मिटलं. पलीकडच्या बाजूने वळसा घालून गेले.

मी ठोकला. मला खिळे उपटायची सवय होती, ठोकायची नव्हती. दोनदा हातोडी बोटावर बसली. झाड जुनं, लाकूड कडक, पण खिळा गेला, हळूहळू, सबंध गेला. शेवटचा घाव घालताना माझ्या तोंडून निघालं, "आली गं तुझी आई." मी ते कुणाला ऐकू जाईल असं म्हटलं नव्हतं.

जिना चढून आले तर आई दार उघडून उभी होती. तिने गॅलरीतून बघितलं असणार. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता, स्मशानातून आलेल्या माणसासाठी धरतात तसा.

"आत येऊ नकोस," ती म्हणाली. "आधी पाय पुढे कर."

मी चपला बाहेर काढल्या आणि पाय पुढे केले.